भरमू जॉबर आणि पिवळा दिवा

बेळगावातल्या आमच्या वडगावात माग बंद पडला की दोन नावं घेतली जातात. एक मंगाई देवीचं आणि दुसरं भरमू जॉबरचं. देवी लगेच येते की नाही ते मला माहीत नाही, भरमू मात्र अर्ध्या तासात येतो.

जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. भरमू आज अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. आठवीत तो माझ्या वर्गात होता आणि विज्ञानात त्याला शंभरापैकी सदतीसच्या वर कधी मिळाले नाहीत. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त होऊन त्याच्याच गल्लीत राहते आणि घरातला मिक्सर बंद पडला की याच सदतीस मार्कांच्या पोराला हाक मारते. तो येतो, मिक्सर उलटा करतो, कानाजवळ धरून हलवतो, दहा मिनिटांत चालू करून देतो आणि वर म्हणतो, "बाई, ह्यो धडा आमाला शिकवलाच न्हाईसा की." मला राग येतो, पण चहा करावाच लागतो.

त्याच्या कामाचा एक नियम मागांच्या साऱ्या शेडवाल्यांना पाठ आहे. माग थांबला की जॉबर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. यमनाप्पा नावाच्या एका विणकरानं एकदा भरमूचं काम हलकं व्हावं म्हणून तो यायच्या आत तुटलेले धागे नीट गाठी मारून जोडून ठेवले. भरमू आला, गाठी बघितल्या, पाना पिशवीत परत ठेवला आणि निघून गेला. माग दोन दिवस तसाच उभा. शेवटी मालक घरी विनवायला आला तेव्हा मी तिथंच होते. भरमू त्याला म्हणाला, "तुटलेला धागा हाय तसा ऱ्हाऊ दे. कुठं तुटला, कसा तुटला, त्यावरनं मला कळतंय माग का थांबला ते. तुम्ही गाठ मारली की मी आंधळा." हा किस्सा तो दरवर्षी यात्रेच्या पंगतीत सांगतो आणि दरवर्षी गाठींची संख्या वाढते.

ही यात्रा म्हणजे आमच्या मंगाईची, आषाढातली. गावातल्या सगळ्या लेकी-जावयांना त्या दिवशी जेवायला बोलवायचं असतं आणि ते बोलावणं फोनवर चालत नाही. घरी जायचं, नारळ द्यायचा, मग म्हणायचं, या. भरमूची थोरली बहीण बायाक्का निपाणीला दिलेली. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे भरमूचं घर, तेवढंच. तिचा नवरा महादेव, भरमूचे दाजी, निपाणीत हमरस्त्याच्या कडेला मोटारींचं गॅरेज चालवतो. यात्रेच्या दिवशी पहिलं ताट त्याचं.

दोन वर्षांपूर्वी भरमूनं गाडी घेतली, सेकंड हँड, पांढरी, दोन हजार चौदा सालची. ती दाजींनीच बघून दिली होती. त्यामुळं गाडीला काही झालं तर ती दाजींकडंच जाणार हे ठरलेलं. बेळगावात पावलापावलाला गॅरेजं आहेत, पण जावयाचा धंदा असताना दुसऱ्याकडं गाडी नेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला नालायक म्हणण्यासारखं. म्हणून हवा भरण्याखेरीज प्रत्येक कामाला भरमू पंच्याहत्तर किलोमीटर गाडी हाणत निपाणीला जायचा.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर गाडीच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं म्हणतात, मला तो नळ वाटला. गाडी चालत होती, फक्त सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. भरमू निपाणीला गेला. दाजींनी आपलं मशीन लावलं, कसला तरी सेन्सर बदलला, दिवा गेला. तीन आठवड्यांनी परत आला. दाजींनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. मजुरी दोन्ही वेळा घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. दिवा पुन्हा तीन आठवड्यांनी हजर.

आता भरमूच्या मनात काय आलं ते त्यानं मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. दाजी मजुरी घेत नाहीत, मग सामानात तर काढत नसतील? बिघाड एक आणि बदलतात दुसरंच, असं तर नसेल? हे विचारायचं कसं? जावयाला असलं विचारलं की आक्काचं माहेर तुटलं. न विचारावं तर पोटात राहतं. "मला फकस्त ठाव पायजे, बाई," तो म्हणाला. "दाजी खरं बोलतात का न्हाय. बाकी काय नको."

मोबाईलवर त्याला कळलं होतं की गाडीचा बिघाड घरच्या घरी वाचायचं स्वस्त यंत्र मिळतं. गाडी आपला बिघाड एका आकड्यात लिहून ठेवते, त्याला कोड म्हणतात, आणि हे यंत्र लावलं की तो आकडा दिसतो. भरमूचं म्हणणं, बाई विज्ञानाच्या आहेत, बाईंनी निवडून द्यावं. मला स्कूटरसुद्धा चालवता येत नाही, पण हे त्याला सांगायला मला लाज वाटली. मी चष्मा लावला.

पुढचे चार दिवस आम्ही दोघं व्हिडिओ बघत बसलो. एक बाबा हिंदीत सांगायचा की निळा ठोकळा घ्या, तो गाडीला लावायचा आणि मोबाईलवर वाचायचं, याहून स्वस्त काही नाही. दुसरा कन्नडमध्ये सांगायचा की निळा ठोकळा म्हणजे कचरा. तिसरा पुण्याचा होता, तो म्हणायचा की ठोकळा चांगला, पण आतली चिप खरी पाहिजे, आणि खरी कोणती ते बाहेरून कळत नाही. मग घ्यायचा कसा, हे त्यानं सांगितलं नाही. ठोकळ्यावर आकडा असतो, कुठं दीड, कुठं दोन पूर्णांक एक. मी म्हटलं, मोठा आकडा घे, नवीन असणार. तर खाली प्रतिक्रियांमध्ये पन्नास लोकांनी लिहिलेलं की दीडचाच घ्या, दोन पूर्णांक एकचा बिनकामाचा. आयुष्यभर मोठा आकडा म्हणजे जास्त मार्क असं शिकवलेल्या बाईला हे काही पचलं नाही.

त्यात आणखी फाटे. एक ब्लूटूथचा, एक वायफायचा, एक वायरीचा, त्याला स्वतःचा छोटा पडदा. एकच फोटो, एकच खोकं, आणि पाच दुकानांत पाच किमती. सगळ्यांवर ओरिजिनल लिहिलेलं. काही फक्त वाचतात, काही वाचतात आणि पुसतात, काही म्हणे गाडीच्या आतली बॅटरी, धूर, उष्णता सगळं दाखवतात. भरमू म्हणाला, त्याला एवढं नको, त्याला दाजींचं पाहिजे. ते दाखवणारं यंत्र काही आम्हाला सापडलं नाही.

शेवटी मी वैतागले आणि त्याला खडेबाजारात घेऊन गेले. गाडीचं सामान विकणाऱ्या नागेंद्रच्या दुकानात असली यंत्रं काचेआड टांगलेली होती. नागेंद्र आधी कन्नडमध्ये बोलला, माझा चेहरा बघून मराठीत आला. त्यानं तीनच प्रश्न विचारले, गाडी कुठल्या सालची, पेट्रोल की डिझेल, आणि मोबाईल कुठला. चार दिवसांत एकाही व्हिडिओवाल्यानं आम्हाला हे विचारलं नव्हतं. दोन हजार तेरानंतरची गाडी असेल तर बहुतेक कुठलंही यंत्र चालतं, असं तो म्हणाला. त्या 'बहुतेक'वर भरमू अडून बसला. मागाला बहुतेक चालत नाही, आडवा धागा नेणारा धोटा एकतर जातो नाहीतर अडकतो. नागेंद्र म्हणाला, चाललं नाही तर दोन दिवसांत परत आणा.

आम्ही सगळ्यात स्वस्त म्हणून निळा ठोकळा घेतला. घरी येऊन पहिला प्रश्न, लावायचा कुठं. भरमू भर गल्लीत गाडीचं दार उघडून, पाय बाहेर आणि डोकं ब्रेकखाली अशा अवस्थेत अर्धा तास पडला होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, चक्कर आली काय. स्टिअरिंगच्या खाली एका झाकणामागं सोळा भोकांची जागा सापडली. ठोकळा बसला, त्याचा लाल दिवाही लागला. मोबाईलनं पासवर्ड मागितला, मी खोक्यावर बघून एक-दोन-तीन-चार दिला. मग पडद्यावर एक चाक गोल गोल फिरत राहिलं आणि मधेमधे चपलांच्या जाहिराती आल्या. चाक फिरायचं काही थांबेना. दुसऱ्या दिवशी ठोकळा परत केला आणि वर थोडे पैसे घालून वायरीचं यंत्र आणलं. हातात मावणारं, चार बटणांचं, मोबाईल नको, पासवर्ड नको. माझ्या महिन्याच्या औषधांपेक्षा स्वस्त पडलं. भरमूनं ते तळहातावर तोललं, बटणं दाबून बघितली आणि म्हणाला, "ह्ये हत्यार वाटतंय. ते पयलं खेळणं हुतं."

यंत्रानं पहिल्या झटक्यात कोड दाखवला, पी-झिरो-वन-सेव्हन-वन. खाली इंग्रजीत ओळ होती. त्याचा अर्थ असा की इंजिनात जे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण जातं, त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. एवढं मला समजलं आणि फार बरं वाटलं. मग मोबाईलवर कारण शोधलं, तर सात कारणं आली. सेन्सर मळला असेल, फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल, रबरी पाइप फाटला असेल, आणि आणखी तीन. मी आयुष्यात जेवढे प्रश्न काढले त्यांत योग्य पर्याय एकच असायचा. इथं साती बरोबर असू शकत होते. मी यादी वाचून दाखवली आणि आधीपेक्षा जास्त गोंधळले.

भरमू मात्र त्यातून वेगळंच शिकला. दाजींनी सेन्सर बदलला, मग फिल्टर बदलला, म्हणजे दाजी यादी धरून अंदाजानं चाललेत आणि खर्च त्याचा होतोय. मी म्हटलं, असेलही आणि नसेलही. मग त्यानं विचारलं, "ह्यो कोड मी वाचला, ते दाजींच्या मशीनला कळंल काय?"

खरं तर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण वर्गात पोरानं प्रश्न विचारला आणि बाई म्हणाल्या की मला ठाऊक नाही, असं पस्तीस वर्षांत कधी झालं नाही. ती खोड जात नाही. मी म्हटलं, कळत असेल, फोडलेलं पाकीट कळतंच की.

"मग पुसा," तो म्हणाला. दाजींना कळलं की मेहुणा चोरून तपासतोय, तर संपलंच. यंत्रावर पुसायचं बटण होतं. 'नक्की पुसायचं का?' असं यंत्रानं इंग्रजीत विचारलं. मी 'हो'चं बटण दाबलं. पिवळा दिवा विझला आणि आम्ही दोघं मोठं काम केल्यासारखे चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी तो निपाणीला गेला. दाजींनी आपलं मशीन लावलं. त्यांनी विचारलं, दिवा कधी लागला, किती वेळ राहिला, आधीचाच कोड असेल की दुसरा. भरमूनं सगळ्याला एकच उत्तर दिलं, मला काय ठाऊक. दाजी म्हणाले, मशीनमध्ये काही दिसत नाही, गाडी बरोबर वाटतेय. भरमू घरी आला तो पेटलेलाच. त्याचं म्हणणं, माझ्या यंत्रात कोड दिसतो आणि दाजींच्या एवढ्या मोठ्या मशीनमध्ये दिसत नाही, म्हणजे एकतर मशीन खोटं नाहीतर माणूस. मी म्हटलं, अरे, आपण पुसलं ना. तो म्हणाला, पुसलं म्हणून काय झालं, बिघाड गेला काय? खरा मेकॅनिक असेल तर ओळखेल. हे मला पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण पटलं होतं.

असं पुढं आणखी दोनदा झालं. दिवा लागायचा, आम्ही वाचायचो, तोच कोड यायचा, मी पुसायचे, भरमू जायचा, दाजी म्हणायचे की काही दिसत नाही. एकदा तर त्यांनी गाडी तीन दिवस ठेवून घेतली, स्वतः संकेश्वरपर्यंत फिरवून बघितली, प्लग साफ करून दिले. दिवा त्या तीन दिवसांत एकदाही लागला नाही आणि वडगावात आल्यावर चौथ्या दिवशी लागला. भरमूचा संशय आता संशय राहिला नव्हता.

आषाढ आला. बायाक्काचे फोन सुरू झाले. ती सरळ विचारत नव्हती, पाऊस किती आहे, मसाला कुटून झाला काय, असं विचारायची आणि भरमू फोन जयाच्या हातात द्यायचा. जया म्हणजे त्याची बायको. तिनं एके संध्याकाळी येऊन मला सांगितलं की हे यंदा नारळ न्यायचा नाही म्हणतात. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला पहिलं ताट वाढून हसत बसणं आपल्याला जमणार नाही म्हणतात. आणि आक्काला काय सांगायचं, तर काही नाही. सांगताना जयाचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं आणि रागही आला, पण नक्की कुणाचा ते कळेना.

यात्रेला आठ दिवस राहिले असताना दिवा परत लागला. भरमू म्हणाला, "बाई, तुम्ही संगट चला. तुमच्यासमोर दाजी काय म्हणतात ते एकदा ऐकूया. आज बी काय न्हाय म्हणाले तर विषय मिटला." सकाळी मी नेहमीसारखं पुसलं. गाडीत बसताना जयानं माझ्या पिशवीत काहीतरी जड ठेवलं आणि हळूच म्हणाली, लागला तर असू दे. नारळ होता.

काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट करत आम्ही निपाणीला पोचलो. गॅरेजच्या मागंच घर. बायाक्का लगबगीनं बाहेर आली, तिनं आधी भावाच्या हातांकडं बघितलं. हात रिकामे होते. ती हसली आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. मी पिशवी पायाशी ओढून घेतली.

महादेव साठीकडे झुकलेला, शांत माणूस. त्यानं मशीन लावलं आणि पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग मशीन न काढता बाजूच्या टायरवर बसला.

"भरमू, एक इचारतो. राग मानू नको. बेळगावात दुसऱ्या कुणाला गाडी दाखवतोयस काय?"

भरमू नाही म्हणाला. महादेवनं भिंतीवर टांगलेली वही काढली आणि मशीनचा पडदा माझ्याकडं वळवला, बाई, हे वाचा म्हणून. मी वाचलं. शेवटचं पुसल्यापासून गाडी किती चालली, त्याचा आकडा होता, शहात्तर किलोमीटर. वहीत आधीच्या तिन्ही वेळच्या तारखा होत्या आणि त्यांच्यासमोर आकडे, पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर.

"तुझ्या दारापासनं माझ्या दारापर्यंत तेवढंच अंतर हाय," महादेव म्हणाला. "कोड नुसता वाचला तर मशीनला काय बी कळत न्हाय. पुसला की मातूर ऱ्हातंय लिहून. सेन्सर झाला, फिल्टर झाला, तिसऱ्या डावाला मी रबरी पाइपाच्या मागं लागणार हुतो. तवापासनं मशीन कोरंच येतंय. मला वाटलं, माझंच शिकलेलं सरलं. माझ्यापेक्षा शाना मेकॅनिक गावला असंल तर दाखव बाबा, माझी ना न्हाय. पर त्येला सांग, हिकडं धाडायच्या आधी पुसू नको म्हणावं. मला वाचायला कायतरी ठेव."

मी इतक्या वेळा 'हो' दाबलं होतं, पुसल्याची नोंद राहत असेल असा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. वाचल्याची खूण राहते असं मी ठोकून दिलं होतं, आणि खूण राहत होती ती नेमकी आम्ही लपवायला केलेल्या कामाची.

भरमू गाडीकडं गेला. समोरच्या कप्प्यातून साडीच्या चिंधीत गुंडाळलेलं यंत्र काढून त्यानं दाजींच्या हातात दिलं. "दुसरं कोण न्हाय," तो म्हणाला. "मीच. दरवेळी मी गाठ मारून आणली, दाजी."

महादेवला कळायला वेळ लागला नाही. यमनाप्पाचा किस्सा त्यानं पहिल्या ताटावर बसून दहा वेळा ऐकला होता. मी म्हटलं, बटण मी दाबत होते. ते कुणी ऐकलं असं वाटलं नाही.

"कशापायी रं?" महादेवनं विचारलं.

"तुमाला वाईट वाटंल म्हणून," भरमू म्हणाला. हे अर्धंच खरं होतं आणि बाकीचं अर्धं त्याच्या तोंडावर दिसत होतं. महादेवनं पुढं काही विचारलं नाही. त्यानं यंत्र उलटसुलट करून बघितलं, चांगलं आहे म्हणाला, घरच्या वापराला याहून जास्त लागत नाही. मग परत देऊन सांगितलं की आता दिवा लागला की गाडी आहे तिथं उभी कर, पुसू नको, काही करू नको. "मी यात्रंला येणारच हाय, तवा बघ..." एवढं बोलून तो थांबला. त्याला बोलावणं आलेलं नव्हतं.

बायाक्का दारात चहाची किटली घेऊन उभी होती. मी पिशवीत हात घातला आणि नारळ काढून भरमूच्या हातात ठेवला. आक्कानं किटली खाली ठेवून पदर पसरला, त्यानं नारळ त्यात घातला आणि म्हणाला, या. हळूच म्हणाला, पण तिनं नारळ कपाळाला लावला, तेव्हा ऐकू गेलं असणार.

चार दिवसांनी दिवा लागला. भरमूनं गाडी गल्लीत जिथं होती तिथंच थांबवली, वरून चादर टाकली आणि जयाला दार उघडायचीही बंदी केली. दुधाच्या टेम्पोला वळायला जागा होईना, दूधवाला बोंबलला, तरी गाडी हलली नाही. मी विचारलं, वाचू काय, नुसतं वाचू? तो म्हणाला, "बाई, जॉबर येऊ दे." मी गप्प बसले. मला शाळेत कुणी असं गप्प केलं नव्हतं.

यात्रेच्या दिवशी दाजी आणि आक्का सकाळच्या बसनं आले. घरात मटण शिजत होतं, ढोल वाजत होते, पाहुणे ओट्यावर टेकले होते. महादेवनं पाणीसुद्धा घेतलं नाही, चादर काढली आणि भरमूचंच यंत्र लावलं. कोड वाचला. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती वेगात होतं, तेही त्यात राहिलं होतं, ते त्यानं दोनदा वाचलं. मग इंजिन चालू करून तेवढंच तापू दिलं. अर्धा तास गेला. त्यानं रबरी नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवू लागला. मला माझा मिक्सर आठवला.

एका वळलेल्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला तो थांबला. गार असताना मिटलेली आणि तापली की उघडणारी एक बारीक चीर तिथं होती. त्यातून जास्तीची हवा आत जात होती. वरून बघून ती दिसलीच नसती.

"हितं बोट ठेव," तो भरमूला म्हणाला. भरमूनं बोट ठेवलं. गाडीचं थरथरणं थांबलं, एकदम, आतून कुणीतरी निवांत श्वास घ्यावा तसं. काढ म्हटल्यावर काढलं, गाडी परत थरथरली. ठेव म्हटल्यावर ठेवलं. कारण यादीतलं चौथंच होतं.

दाजींनी हात पुसले. नवा पाइप त्यांनी येतानाच पिशवीतून आणला होता, जेवण झाल्यावर बसवू म्हणाले. आतून बायाक्का ताटं वाढल्याचं ओरडून सांगत होती. पण भरमू बोट काढेना. चिरेवर बोट ठेवून, मान खाली घालून तसाच उभा राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "मी तुमाला चोर समजलो."

महादेवनं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"ठाव हुतं मला," तो म्हणाला. "तुझ्या आक्काला तेवढं सांगिटलं न्हाय. चल, ताट थंड व्हतंय."